वैमानिकाचा मुतखडा आणि डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या मे महिन्यात मुतखड्याची कळ उठून रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागणे, यात आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. परंतु ती कळ वैमानिकाचे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाला आली, की घराची झोप उडते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाला खडा झाला, तेव्हा निम्म्या नातेवाइकांनी ‘आता विमान विसरा’ असे सांगितले आणि उरलेल्यांनी ‘वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर लिहूच नका’ असा सल्ला दिला. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, हे आम्हाला फार उशिरा आणि बराच मनस्ताप होऊन कळले, म्हणून हे पत्र.

खडा एकदा होऊन गेला, एवढ्याच कारणावरून वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत कुणाला कायमचे अपात्र ठरवले जात नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना जाणून घ्यायचे असते ते हे, की मूत्रपिंडात किंवा मूत्रवाहिनीत आज काही शिल्लक आहे का आणि उड्डाण सुरू असताना पुन्हा कळ येण्याची शक्यता कितपत आहे. ज्याने ही कळ सोसली आहे त्याला ही काळजी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गडाबडा लोळणाऱ्या माणसाच्या हाती विमान उतरवण्याचे काम कोण देईल? लपवण्यातही अर्थ नाही, कारण लघवीच्या तपासणीत रक्तपेशी दिसू शकतात, सोनोग्राफीत उरलेला खडा सापडू शकतो आणि खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर खड्यापेक्षा मोठे संकट उभे राहते.

आमची अडचण मात्र वेगळीच होती. ज्या रुग्णालयात मुलावर उपचार झाले तेथील डिस्चार्ज कार्डावर ‘पोटात कळ, उपचार केले, प्रकृती सुधारली’ अशा अर्थाच्या दोनच ओळी होत्या. खडा कोणत्या बाजूला होता, किती मिलिमीटरचा होता, आपोआप पडला की दुर्बिणीने काढला, डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी तात्पुरती नळी) टाकला होता तर तो कोणत्या तारखेला काढला, यांपैकी एकही नोंद नव्हती आणि पडलेला खडाही कुणी तपासायला पाठवला नव्हता. परिणामी मुलगा तात्पुरता अपात्र ठरला आणि आम्ही पुन्हा सोनोग्राफी, सीटी स्कॅन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) व युरिक अ‍ॅसिडच्या तपासण्या आणि मूत्ररोगतज्ज्ञांचे सविस्तर पत्र जमवत बसलो. बारीक खडे, विशेषतः मूत्रवाहिनीतले, सोनोग्राफीत निसटू शकतात. त्यामुळे ‘आता खडा नाही’ हे साध्या, म्हणजे शिरेतून औषध (कॉन्ट्रास्ट) न देता केलेल्या, सीटी स्कॅनवरून लिहून मिळाले तर त्या वाक्याला वजन येते. खड्याचे रासायनिक विश्लेषणही महत्त्वाचे आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, पण युरिक अ‍ॅसिडचा खडा निघाला तर पुढचा उपाय बदलतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी घागरभर पाणी पिऊन काही साधत नाही. रोज दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्याची सवय काही महिने आधीपासून लावावी लागते, जेवणात मीठ कमी करावे लागते, आणि दूध-दही बंद करण्याचा घरोघरी मिळणारा सल्ला तर उलटाच आहे, कारण आहारातले कॅल्शियम हे अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते, लघवीत फारसे उतरू देत नाही. (बिअरने खडा विरघळतो, असे सांगणारे काकाही आम्हाला भेटले. विरघळत नाहीच, शिवाय वैमानिकाला हा उपाय सुचवणे म्हणजे कमालच!) लघवीच्या तपासणीपूर्वी एक-दोन दिवस दमछाक करणारा व्यायामही टाळावा, कारण त्यानेही लघवीत रक्तपेशी दिसू शकतात.

प्रशिक्षण संस्थांनीही एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. लहान प्रशिक्षण विमानात शौचालय नसते, म्हणून मुले लांबच्या उड्डाणाआधी पाणी पिणेच टाळतात आणि उन्हाने तापलेल्या धावपट्टीवरून तशीच निघतात. विमान उतरल्याबरोबर त्यांनी पाणी प्यावे, याची आठवण प्रशिक्षकांनी करून दिली तर बरे होईल.

शहरातील मूत्ररोगतज्ज्ञांना माझी एवढीच विनंती आहे, की रुग्ण वैमानिक किंवा प्रशिक्षणार्थी असल्याचे कळताच खड्याची बाजू, आकार, केलेली प्रक्रिया, तारखा आणि खडा उरला नसल्यास ‘अवशिष्ट खडा नाही’ हे पहिल्याच कार्डावर स्पष्ट लिहून द्यावे आणि हाती आलेला खडा फेकू नये.

आपला नम्र,
एक पालक, प्रतापनगर, नागपूर