जग वाचलं, मीने, आणि मी पिंपं गोळा करतेय

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मीने,

संपला. विचर संपला, तो राक्षस मारणाऱ्या गेराल्टचा व्हिडिओ गेम, तिसरा भाग. शेवटी नावं वर सरकायला लागली तेव्हा मी ती सगळी वाचत बसले. पोलिश आडनावं, एकाचाही उच्चार येत नाही, तरी एकही सोडलं नाही. मध्यरात्र उलटून गेलेली आणि घरात सांगायला कोणी जागं नाही. ह्यांना सकाळी सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, आता टीव्ही मोकळा." सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली असती आणि मग विचारलं असतं, कशाबद्दल. म्हणून तुला लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

दिवाळीपासून तुला धड दोन ओळी लिहिल्या नाहीत, माहितेय मला. तूही काही दिवे लावले नाहीस. तब्येती ठीक. ह्यांची शुगर काठावर, माझा खांदा तसाच, सासूबाई ठणठणीत, आपल्या सगळ्यांना पोचवतील.

मनूला हैदराबादला नोकरी लागली. ताईनं कळवलं असेलच, ताईच्या पोटात काय राहतं! पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. आणि प्लेस्टेशन तिचं आहे. डिस्क माझी, पण मशीन तिचं, इंटर्नशिपच्या पैशांतून घेतलेलं. तिच्या सामानाच्या यादीत ते कपड्यांच्याही वर लिहिलंय. मला म्हणाली, "मावशी, तू तुझं संपवून घे हां, मग मी खोक्यात भरते." म्हणजे माझ्यावर उपकार!

नाहीतर मी कुठली संपवतेय. डिसेंबर २०२४ मध्ये तू चौथ्या भागाचा तो ट्रेलर पाठवलास, गेराल्टनं लेकीसारखी वाढवलेली सिरी नायिका असलेला, आणि खाली लिहिलंस, "नंदे, आता तरी तिसरा संपव." २०१५ चा गेम. ५ कोटींच्या वर प्रती खपल्या, लोकांनी खेळून संपवला, त्यांची पोरं शाळेत जायला लागली, आणि मी अजून व्हाइट ऑर्चर्डमधल्या म्हातारीचा तवा शोधून दिल्याच्या आनंदात. जग गोठवणारं संकट चालून येतंय, वाइल्ड हंटचे ते भुतासारखे स्वार सिरीच्या मागावर आहेत, आणि आमचा गेराल्ट नोव्हिग्राडच्या खानावळीत ग्वेंटचे पत्ते कुटत बसलाय. तू ग्वेंटला टाइमपास म्हणालीस तेव्हाच खरं तर आपली मैत्री तुटायला हवी होती. तुझा गेराल्ट त्या दोघी जादूगारणींना, ट्रिसलाही हो म्हणाला, येनेफरलाही हो म्हणाला, आणि दोघींनी मिळून त्याला पलंगाला बांधून ठेवला, हे मी विसरलेले नाही. तो टाइमपास नव्हता वाटतं?

तर मग घोडदौड. सासूबाईंची मालिका संपली की बसायचं. कायर मोरहेनच्या, विचरांच्या त्या गढीतल्या लढाईच्या रात्री इथे वळीव आला. गेराल्टचा गुरू वेसेमिर पडला, सिरी किंचाळली, आणि आमच्या सोसायटीतले दिवे गेले. सेव्ह व्हायच्या आत. म्हणजे दुसऱ्या दिवशी मला तो म्हातारा पुन्हा मरताना बघावा लागला. दुसऱ्या वेळी जास्त रडले. त्याला मारणारा इम्लेरिथ येणार हे माहीत होतं आणि हातात कंट्रोलर असून काही करता येत नव्हतं. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या, त्यांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, सरांसारखे होते. त्यांनी नमस्कार केला आणि झोपायला गेल्या.

आता ऐक. मला चांगला शेवट मिळाला. नेटवर काहीही न बघता. सिरी वाचली, गेराल्टसारखी विचर झाली. गेराल्टनं तिच्या बापाला, त्या बादशहाला, तोंडावर थाप मारली की पोरगी मेली. मग व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत तिला तलवार दिली. तुझी सिरी परतलीच नव्हती. तुझा गेराल्ट त्या दलदलीत, वेसेमिरचं पदक हातात, बाहेर भुतं जमलेली. तू मला शेवट सांगून टाकलास त्याबद्दल अजून माफी नाही, पण असं का झालं ते तू सांगितलं नव्हतंस. म्हणायचीस, गेमनं फसवलं.

काल मी सगळं वाचून काढलं. कारणं किती बारकी आहेत बघ. वेसेमिर गेल्यावर पोरगी उदास बसलीय. तू तिला समजावलंस की सगळंच जमायला हवं असं नाही, आणि प्यायला बसलीस. मी तिला बर्फाचा गोळा मारला. जादूगारणींच्या बैठकीला तू तिच्याबरोबर आत गेलीस. मी म्हटलं, जा, तुझं तू बोल. तिला शिकवणाऱ्या अव्हलाखच्या प्रयोगशाळेत तिचा तोल सुटला तर तू म्हणालीस, शांत हो. मी म्हटलं, फोड, आणि दोघांनी मिळून फोडलं. तिला मदत केलेल्या स्क्याल्लच्या थडग्यापाशी तिला जायचं होतं, तू म्हणालीस वेळ नाही. (वेळ नाही! आणि ही बाई मला ग्वेंटवरून बोलते.) बादशहाकडचे पैसेही तू घेतलेस. हे सगळं गेम गुपचूप मोजत होता. शेवटी ती त्या जग गोठवणाऱ्या पांढऱ्या वादळाच्या तोंडाशी उभी राहते तेव्हा तिला हेच क्षण आठवतात, आणि त्यावर ठरतं ती परत येणार की नाही.

हे मी रात्री जेवताना सांगितलं, जरा तोऱ्यातच. ह्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "आणि हैदराबादची दोन तिकिटं कोणी काढली?"

मनूनं माझ्याकडे बघितलं, मग आमटी वाढून घेतली.

मीने, तिकिटं मी काढलीत. तुला सांगते, यात काही गैर नाही. खोली लावायची, गादी घ्यायची, गॅसचं बघायचं. ताईला गुडघ्यांमुळे जमणार नाही, भावोजी सुट्टी मागणार नाहीत, साताऱ्याहून नुसते फोनवर सल्ले देतील. चार दिवसांचा प्रश्न. मी मनूला विचारलंही होतं, येऊ ना? ती म्हणाली, "बघू गं मावशी." मग काय करायचं, तिकिटं संपेपर्यंत बघत बसायचं? तिथे सोडायच्या डब्यांची यादी केलीय, भाजणी आणलीय, लहान कुकरची शिट्टी बदलून आणलीय. ती यादी मनूनं वाचली आणि फ्रिजवर परत चुंबकानं लावून ठेवली. वाकडी होती, सरळ केली.

गेराल्टला सिरी मिळाली ती सरप्राइजच्या कायद्यानं, मला मनू मिळाली ती अकरावीच्या कटऑफनं. ताई म्हणाली होती दोन वर्षं. नंतर कोणी हिशेबच केला नाही. पहिल्यांदा एकटी डेक्कनला क्लासला निघाली तेव्हा मी मागून रिक्षा केली होती आणि नळस्टॉपच्या सिग्नलला तिची बस पुढे गेली म्हणून तुला फोन केला होता. तू हसलीस, मदत काही केली नाहीस. मेट्रो सुरू झाली तेव्हा कुठे माझा जीव खाली बसला.

आता तू म्हणशील, मग तिथे बरी मोठ्या मनानं जा म्हणालीस. तिथलं सोपं होतं गं. सिरीला डिपॉझिट भरावं लागत नाही. तिला रात्री साडेअकराला कॅबचा नंबर घरी पाठवावा लागत नाही. फार तर एका जगातून दुसऱ्या जगात उडी मारते. आणि गेराल्टचं काय, त्याला काळजी वाटली की बटण दाबून ध्यानाला बसतो, लगेच सकाळ होते. मला ते बटण दे, मी आत्ता तिकीट रद्द करते.

पण ह्यांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. रोज कोणी ना कोणी विचारतं, निघायचं कधी? मी दोघींची तारीख सांगते, मनू एकटीची सांगते. एकच तारीख आहे, तरी ती "मी" म्हणते आणि मी "आम्ही".

तुला म्हणून विचारते, कारण तुझ्यावर हे झालेलं आहे. काकू तुझ्याबरोबर बंगळूरला आल्या होत्या. कुकर, पोळपाट, पुरणयंत्र (पुरणयंत्र, मीने!), आणि राहिल्या किती, तर तुझ्या ऑफिसातल्या पोरांना थालीपिठांची सवय लागेपर्यंत. तू मला मेलमधून काय काय लिहायचीस, सगळं जपून ठेवलंय, काकूंना दाखवेन. पण त्या परत गेल्या त्या रात्री तू एसटीडी बूथवरून फोन केलास आणि काहीच बोलली नाहीस, नुसते पैसे पडत होते. ते मला आजवर कळलेलं नाही. त्या आल्या म्हणून तुझं बिघडलं की बरं झालं? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको. आणि माझ्या गेराल्टचे दाखले मला देऊ नकोस, ते घरात मिळतात.

गेम संपल्यावर काय होतं तुला माहितेय. तो आपल्याला परत त्याच जगात सोडून देतो. नकाशा आहे, रोच घोडी आहे, हवामान तसंच. मी कायर मोरहेनला जाऊन आले. कोणी नाही. एवढी मोठी गढी, आणि कोणी नाही. मग स्केलिगेच्या बेटांवर गेले आणि समुद्रात ती तस्करांची पिंपं पडलेली असतात ना, प्रश्नचिन्हांची रांगच्या रांग, ज्यांना तू "याला नरकात शिक्षा म्हणून देतात" म्हणालीस, ती गोळा करायला लागले. रोज थोडी थोडी. मनू मागून बघते आणि विचारते, "मावशी, यात मिळतं काय?" गंजलेल्या तलवारी मिळतात. विकायलाही कोणी घेत नाही.

येताना क्रोज पर्चवरून, बॅरनच्या गढीवरून गेले, आणि पुन्हा तुझी आठवण झाली, चांगली नाही. तुझ्या वेलेनमध्ये बॅरन त्या झाडाला लटकलाय. माझ्या वेलेनमध्ये तो अ‍ॅनाला घेऊन निळ्या डोंगरांकडे गेला. वेड लागलेली का होईना, बायको जिवंत आहे. कारण तू टेकडीतल्या त्या भुताला सोडलंस, पोरं वाचवायला. मी त्याला मारलं, कारण मुळांत गाडलेलं, धडधडणारं, गोड बोलणारं जे काही असतं त्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि तू वेताळ टेकडीवर, त्या मॉर्निंग वॉकवाल्या आजोबांसमोर, "नंदे, तू पोरं मारलीस!" म्हणून ओरडलीस. ते आजोबा अजून मला बघून वाट बदलतात. तुझ्या त्या भुतानं सुटल्यावर अख्खं गाव कापलं, ते मात्र सोयीनं विसरतेस. असो. यावर आपलं एकमत होणार नाही आणि मला करायचंही नाही.

हां, एक गंमत. मनूनं सांगितलं, ज्यानं मूळ कथा लिहिल्या त्या सापकोव्स्कीला गेमवाल्यांनी नफ्यात हिस्सा देऊ केला होता. त्यानं नको म्हटलं, गेम चालेल असं वाटेना, एकरकमी पैसे घेतले. २०१८ मध्ये मग ६ कोटी झ्लॉटी (त्यांचे पोलिश रुपये) मागायला उभा राहिला. २०१९ मध्ये नवा करार झाला म्हणे. मला आमचे बाणेरचे काका आठवले, ज्यांनी नाल्याकाठची जमीन स्कूटरच्या भावात विकली आणि आता दर रविवारी तिथल्या टॉवरसमोर उभं राहून मजले मोजतात. त्यांच्याशी कोणी नवा करार केला नाही.

तुझं काय? नवीन ऑफिस कसंय? तो पेन टकटकवणारा मॅनेजर इथेही आहे का? काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, त्यांना नमस्कार. फोटोत केस छान दिसतात, कापलेस की गळले? घर बदलणार होतीस त्याचं सविस्तर लिही, मला हवंय खरंच, आज मी एवढी लांबलेय म्हणून विचारलं नाही असं समजू नकोस.

आणि हे कामाचं. सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येते ना? मनूनं माझं वेगळं खातं केलंय, "मावशी" नावानं, तेच दुसऱ्या मशीनवर उघडलं तर चालेल का? कारण हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन ही गेमची दोन्ही जोडकथानकं राहिलीत. तू म्हणतेस तुसाँमध्ये गेराल्टला द्राक्षमळा मिळतो, घर मिळतं. बाकी काही सांगू नकोस, एक अक्षर नाही, या वेळी खरंच तुझ्याशी बोलणं बंद करीन. तुझं जुनं पीएस फोर माळ्यावर पडलंय ना, नवीन घेतल्यापासून? ते मला दे. मनू म्हणाली, ती हैदराबादहून बंगळूरला शनिवार-रविवारी जाऊन घेऊन येईल, एकटी. बस कुठली, उतरायचं कुठे, ते तिला नको, मला लिही. म्हणजे तिलाच लिही. मला पण लिही.

पैसे एकरकमी देईन. नंतर हिस्सा मागायला यायचं नाही.

तुझीच,
नंदू