पडक्या इगर्जीची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी जुने गोवे येथे सांत आगुस्तीनच्या पडक्या इगर्जीच्या (चर्चच्या) चिरेबंदी मनोऱ्याखाली एक तरुण मोबाइलवर ‘भुताटकीची जागा’ चित्रित करत होता. त्याचे भूत थेट परदेशी सिनेमातले होते. मनोऱ्याची सनावळी पुस्तकांत सापडते: १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. १८७१ मध्ये त्याची घंटा पणजीच्या इगर्जीत बसवली गेली, हेही सापडते. मात्र ती वाजली की मनोरा कान देऊन ऐकतो, असे दिवाडीची माझी आजी सांगे, ते कोठे लिहिलेले नाही.

अशा गोष्टी जेथे लिहून ठेवल्या गेल्या, त्या आयर्लंडमध्ये शॅनन नदीकाठी क्लॉनमॅकनॉइस येथे संत किरान यांनी सहाव्या शतकात स्थापिलेल्या मठाची पडकी चर्चे आणि कबरी आहेत. त्यांतल्या सर्वांत लहान, किरान यांची कबर मानल्या गेलेल्या चर्चमधील माती पीक आणि गुरे राखते, या श्रद्धेने शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या नेत राहिले. परिणामी आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली गेली आहे. शेवटी पुरलेला माणूस पुढचा येईपर्यंत दफनभूमीची राखण करतो, असेही तिकडे मानत, आणि म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या तर फाटक आधी गाठण्याची चढाओढ लागे. गाव राखणाऱ्या देवचाराला रोट देणाऱ्या आपल्या गावांत या गोष्टीचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

तिकडच्या अशा कितीतरी गोष्टी टिकल्या, कारण १९३७-३८ मध्ये तेथील लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील जवळपास ५०,००० मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी वहीत उतरवायला लावल्या. जुन्या दफनभूमी आणि पवित्र विहिरी हे विषयही त्यांना नेमून दिलेले होते. त्यांतून लाखो पाने जमली, आणि आज ती कोणालाही संगणकावर वाचता येतात.

गोव्याच्या शिक्षण खात्याने पाचवी ते सातवीच्या मुलांना वर्षातून एकदा अशी वही द्यावी. सांगणाऱ्याचे नाव आणि गाव त्यात असावे, आणि कोकणी असो वा मराठी, बोलणे जसेच्या तसे लिहावे. गुरुजींनी (त्यांची खोड मला ठाऊक आहे, मी स्वतः शिक्षक होतो) लाल शाई जरा आवरावी. घंटेची गोष्ट मी कोणत्याही मुलाला सांगायला तयार आहे. आजीने त्याच मनोऱ्याच्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या मी विसरलो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा