पाच-एकोणीसचं माप

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावरचा अमेरिकन कॉलेज फुटबॉलविषयीचा लेख मी इथे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत बसून दोनदा वाचला. या खेळावर मराठीत कुणी लिहितं, याचाच आधी आनंद झाला. पण त्यातलं एक विधान माझ्या मनातून जात नाही. २००८ साली ऑबर्न विद्यापीठाने टर्नर गिल यांना डावलून जीन चिझिक यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं, दोनच वर्षांत ऑबर्न राष्ट्रीय विजेतं झालं, म्हणजे निवड बरोबरच होती, असं लेखकाने म्हटलं आहे. मला हे अजिबात मान्य नाही. गिल बफेलोचे कोच होते तेव्हा मी त्याच विद्यापीठात एम. एस. करत होतो आणि विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये बसून त्यांची टीम उभी राहताना पाहत होतो.

ती टीम काय होती ते आकड्यांतच सांगतो. १९९९ मध्ये वरच्या श्रेणीत आल्यापासून सात हंगामांत १० विजय आणि ६९ पराभव. २००६ मध्ये गिल आले. पहिल्या वर्षी २ विजय, दुसऱ्या वर्षी ५. तोवर सामन्याला जाणं म्हणजे मित्रांबरोबर दुपार घालवणं, एवढाच त्याचा अर्थ होता. मग २००८ च्या सप्टेंबरात टेम्पलविरुद्धचा सामना आला. आम्ही चार गुणांनी मागे, शेवटचा डाव, घड्याळात वेळ संपलेला. ड्र्यू विली या आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, ३५ यार्डांवरून चेंडू उंच फेकला आणि तो नामान रूझवेल्टने गोलपट्टीत झेलला. ३०-२८! शेजारच्या अनोळखी मुलाच्या हातातला पेप्सीचा ग्लास माझ्या शर्टावर रिकामा झाला आणि त्याने त्याच हातांनी मला मिठी मारली. काय झालं हे मला नीट कळायच्या आत आम्ही सगळे कठडा ओलांडून मैदानात पोचलो होतो.

५ डिसेंबरला डेट्रॉइटमध्ये आमच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचा, अंतिम सामना झाला. समोर बॉल स्टेट, बारापैकी बारा सामने जिंकून आलेली. एकदा ९२ आणि एकदा ७४ यार्ड, अशा दोनदा आमच्या पोरांनी त्यांच्या हातून निसटलेला चेंडू उचलून थेट टोकापर्यंत नेला. ४२-२४ ने आम्ही जिंकलो आणि विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा बोल गेम, म्हणजे हंगामाअखेरचा आमंत्रितांचा मानाचा सामना, खेळायला निघालो.

हे ‘पहिल्यांदा’ का, तेही वाचकांना कळायला हवं. १९५८ साली बफेलोला टँजरिन बोलचं आमंत्रण आलं होतं. पण ऑर्लँडोतलं ते स्टेडियम ज्यांच्या ताब्यात होतं, त्यांचा नियम होता की काळे आणि गोरे खेळाडू तिथे एकत्र उतरणार नाहीत. टीममध्ये दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. ते दोघे येत नसतील तर कुणीच जाणार नाही, असं सगळ्या टीमने मत देऊन ठरवलं आणि आमंत्रण नाकारलं. त्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी बफेलोला तो मान मिळवून दिला तो एका कृष्णवर्णीय कोचने. आमच्या विद्यापीठात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

डेट्रॉइटच्या विजयानंतर आठच दिवसांनी, १३ डिसेंबरला, बातमी आली. ऑबर्नने गिल यांची मुलाखत घेतली होती, पण नेमणूक चिझिक यांची झाली. खरं सांगायचं तर गिल आम्हाला सोडून जाणार नाहीत, या विचाराने मला क्षणभर बरंच वाटलं. मग मी चिझिक यांचा आकडा पाहिला. आयोवा स्टेटमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून दोन हंगाम, ५ विजय, १९ पराभव.

चिझिक यांच्यावर अन्याय करायचा नाही. २००४ मध्ये ऑबर्न एकही सामना हरलं नाही तेव्हा संघाचा बचाव त्यांच्याकडे होता, पुढच्या वर्षी टेक्सास राष्ट्रीय विजेतं झालं त्या चमूतही ते होते. निवड करणाऱ्यांनी हे जुनं काम मोजलं आणि ५-१९ कडे काणाडोळा केला. तसं करण्यात वावगं काही नाही. पण मग सगळ्यांनाच त्या मापाने मोजा. गिल हे नेब्रास्काचे नावाजलेले क्वार्टरबॅक. नेब्रास्काने १९९४, १९९५ आणि १९९७ ची विजेतेपदं जिंकली तेव्हा क्वार्टरबॅक घडवायचं काम त्यांच्याकडे होतं. शिवाय बुडालेली टीम वर काढल्याचा ताजा दाखला होता.

ऑबर्नचेच माजी विद्यार्थी, बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली यांनी उघडपणे सांगितलं की गिल यांना घ्यायला हवं होतं आणि इथे वर्ण आडवा आला. आपण योग्य माणूस निवडला, असं ऑबर्नचे अधिकारी सांगत राहिले. कुणाच्या मनात काय होतं ते मी कसं सांगणार? पण ऑबर्न ज्यात खेळतं त्या एसईसी या बलाढ्य कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमला गेला तोच मुळी २००३ च्या अखेरीस. ते सिल्व्हेस्टर क्रूम. मिसिसिपी स्टेटने त्यांना घेतलं, त्याच वर्षी ते स्वतः जिथे शिकले त्या अलाबामा विद्यापीठाने त्यांना डावलून माइक शूला यांना निवडलं होतं. २००८ च्या नोव्हेंबरात क्रूम यांनी पद सोडलं आणि एसईसीत पुन्हा एकही कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक उरला नाही. हे सगळं समोर असताना, दोन आठवड्यांनी ऑबर्नने निवड केली.

आता लेखकाचा मुद्दा. २०१० मध्ये कॅम न्यूटन या क्वार्टरबॅकच्या जोरावर ऑबर्न सगळे चौदा सामने जिंकलं, अंतिम सामन्यात ऑरेगॉनला २२-१९ ने हरवलं. खरं आहे. २०१२ मध्ये तेच ऑबर्न ३-९ वर आलं आणि चिझिक यांना काढलं, हेही खरं. आणि गिल? २००९ च्या अखेरीस ते कॅन्ससला गेले. दोन हंगामांत ५ विजय, १९ पराभव. होय, अगदी तोच आकडा, हंगामवारसुद्धा तोच: आधी ३-९, मग २-१०. कॅन्ससने त्यांना तिथेच निरोप दिला. त्यांच्यानंतर नोत्र देमचे माजी कोच चार्ली वाइस आले, ६-२२. पुढे डेव्हिड बीटी, ६-४२. खड्डा किती खोल होता ते यावरून दिसतं.

एकाच्या ५-१९ नंतर त्याला ८७ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम मिळालं. दुसऱ्याच्या ५-१९ नंतर त्याला तेव्हा खालच्या श्रेणीत असलेल्या लिबर्टी विद्यापीठात जावं लागलं. मापात पाप म्हणतात ते यालाच. नंतर कोण जिंकलं यावरून आधीचं माप सरळ होत नाही. निवड करणाऱ्यांना २००८ मध्ये न्यूटन दिसत नव्हता, त्यांच्यासमोर फक्त दोन माणसांचे कागद होते.

ऑरेगॉन राज्याने २००९ मध्ये कायदाच केला, की सरकारी विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक समाजातल्या पात्र उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. चांगलंच आहे. पण गिल यांची मुलाखत तर झाली होती! मुलाखतीनंतर दारामागे कोणतं माप लावलं, ते लेखी जाहीर करण्याची सक्ती हवी, असं माझं मत आहे.

लिबर्टीत गिल सात वर्षं राहिले, ४७ विजय, ३५ पराभव. २०१७ मध्ये त्यांच्या टीमने वरच्या श्रेणीतल्या बेलर विद्यापीठाला बेलरच्याच मैदानावर ४८-४५ ने हरवलं. त्या रात्री मी आमच्या जुन्या बफेलोच्या मित्रांना एकेक करून फोन केला. पत्नीच्या आजारपणामुळे २०१८ अखेर ते तिथून निवृत्त झाले.

आपल्या लेखकांना एकच विनंती. या विषयावर पुढे लिहाल तेव्हा दोन्ही ५-१९ शेजारी शेजारी छापा.

आपला,
बफेलोचा एक जुना विद्यार्थी