काय नाही ते बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पेशीअंगकांचा, म्हणजे पेशीतल्या बारीक भागांचा तक्ता पाठ करून वीट आला म्हणालीस. येणारच. डावीकडे नाव, उजवीकडे कार्य, तंतुकणिकेपुढे ‘ऊर्जाकेंद्र’ लिहिलं की संपलं. त्या तक्त्यावरून वाटतं, प्रत्येक पेशीत सगळं सामान सारखंच असतं. आमच्या लॅबमध्ये मी दिवसभर स्लाइड बघते, मला तसं कधी दिसत नाही. म्हणून सांगते, एखाद्या पेशीत काय नाही ते आधी बघ आणि का नाही ते विचार.

आरबीसी, म्हणजे लाल रक्तपेशी घे. काचेवर पसरून लिशमन स्टेननं रंगवलेल्या रक्ताच्या थरावर, म्हणजे स्मिअरवर, तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावली की गुलाबी चकत्या दिसतात, मध्ये फिकट. त्यांत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, प्रथिनं बनवणारे रायबोझोमही नाहीत. अस्थिमज्जेत घडत असताना हे सगळं होतं. हिमोग्लोबिन बनवायचं काम उरकत आलं की ती केंद्रक बाहेर टाकते आणि उरलेली अंगकंही मोडीत काढते. गंमत बघ, जो ऑक्सिजन ती अंगभर पोचवते तो स्वतःच्या ऊर्जेसाठी तिला वापरताच येत नाही, कारण तंतुकणिका नाहीत. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडून ती भागवते. नवीन प्रथिनं बनत नाहीत, झीज भरून निघत नाही, मग सुमारे 120 दिवसांत संपते.

मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशीत रायबोझोमचे अवशेष दिवसभर तरी टिकतात. न्यू मेथिलीन ब्ल्यू हा रंग घातला की त्यांची निळी जाळी दिसते. अशी पेशी म्हणजे रेटिक्युलोसाइट. लोह कमी असलेल्या पेशंटला गोळ्या लागू पडल्या की हिमोग्लोबिन नीट वाढायच्या आधी हा काउंट चढतो. तुमच्या आकृतीतले रायबोझोमचे ते बारीक ठिपके आमच्या रिपोर्टमध्ये असे येतात.

स्वादुपिंडाच्या पेशीत नेमकं उलटं. पाचक विकरं बनवून बाहेर पाठवायची, म्हणून रायबोझोम चिकटलेल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या थप्प्याच्या थप्प्या, आणि पुढे माल बांधून पाठवणारं गॉल्गी. शुक्रपेशीनं तर पेशीद्रव्य जवळपास टाकूनच दिलंय, पण तंतुकणिका शेपटीच्या सुरुवातीला गच्च गुंडाळून ठेवल्यात. पोहायचं असतं ना! त्या मात्र बाळात टिकत नाहीत. तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडूनच येतो. तेव्हा नाक बाबांचं असलं तरी तंतुकणिका माझ्या, म्हणजे आजीच्या.

प्रॅक्टिकलला कांद्याचा पापुद्रा देतील. वनस्पती असून हरितलवकं, म्हणजे उजेडात अन्न बनवणारी हिरवी अंगकं नाहीत, कारण तो भाग जमिनीत, उजेडाशी संबंधच नाही. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात. पण रिक्तिका, म्हणजे पेशीतली रसाची पिशवी बघायची तर कांद्यापेक्षा ऱ्होईओ बरा, तो जांभळ्या पाठीच्या पानांचा, बागेत कुंपणाला लावतात तो. पानाच्या पाठीचा पापुद्रा काढ. जांभळा रंग असतो तो रिक्तिकेतल्या रसाचा. स्लाइडवर दाट मिठाचं पाणी सोडलंस की पाणी बाहेर जाऊन रिक्तिका आकसते, तिच्याबरोबर प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरणही आत ओढलं जातं, आणि बाहेरची टणक पेशीभित्तिका मात्र जागची हलत नाही. एरवी दोन्ही इतकी चिकटून असतात की वेगळी ओळखू येत नाहीत. नंतर साधं पाणी घालून बघ, बरेचदा पेशी पुन्हा भरते.

पेपरात मात्र आकृती पुस्तकातलीच काढ, नावं उजव्या बाजूला, पेन्सिलनं.

तुझी,
आई