रिपोर्ट येतो तेव्हा पाणी पिऊन झालेलं असतं

संपादक महोदय, नमस्कार.

मी लॅब टेक्निशियन, पावसाळा लागला की आमच्याकडे पाण्याच्या सॅम्पलची नुसती रांग. आपल्या सोलापुरात नळ काय रोज येत नाही, आला की बॅरल, हंडे, टाकी सगळं भरायचं आणि पुढचं पाणी येईस्तोवर तेच पुरवायचं. आता एमपीएन टेस्ट, म्हणजे पाण्यात जंतू अंदाजे किती ते सांगणारी, तिच्या नळ्या इन्क्युबेटरमध्ये २४ ते ४८ तास ठेवाव्याच लागतात, गॅस धरला की पुढची कन्फर्म टेस्ट, तोवर बॅरल रिकामं! आणि रिपोर्टवर काय तर कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू, इतके. कॉलरा का टायफॉइड का शिगेला (रक्ती आव करणारा जंतू), हे बघायचं तर वेगवेगळ्या प्लेटवर जंतू वाढवून बघावे लागतात.

यावर मॅग्नेटिक बीड्सची, म्हणजे मॅग्नेटला चिकटणाऱ्या बारीक मण्यांची पद्धत आहे, नवी नाही, एकसारख्या मापाचे बारीक मणी नॉर्वेच्या जॉन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकातच केले होते. मण्यावर अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक जंतूलाच धरणारं प्रोटीन, चिकटवलेली, ती आपलाच जंतू धरते. नळी मॅग्नेटला लावली की मिनिट-दोन मिनिटात तपकिरी गाळ त्या बाजूला चिकटतो, बाकीचं पाणी ओतून द्यायचं, मॅग्नेट काढला की मणी परत मोकळे. रंगाचे कोड असलेल्या मण्यांत तर एका लेझरने मणी कुठल्या जंतूचा ते कळतं आणि दुसऱ्याने धरलेल्या जंतूला लावलेल्या चमकत्या रंगाची चमक किती ते, त्यावरून जंतूंचा अंदाज, एकाच नळीत चार-पाच जंतूंचा.

जादू नाही हं ही. मेलेले जंतूसुद्धा मण्याला चिकटतात, म्हणजे क्लोरीन मारलेल्या पाण्यात उगाच घाबरायची पाळी, शिवाय जंतू थोडे असले तर आधी पाणी गाळून काही तास वाढवावे लागतात. म्हणून कल्चर, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघणं, बंद करा असं कुणी म्हणू नये, कुठलं औषध लागू पडेल हे जिवंत जंतूवरच कळतं. पण त्याच दिवशी इशारा मिळाला तर लोक पाणी उकळून तरी पितील की!

उजनीचं पाणी, पंढरपूरची वारी, एवढा जिल्हा, हे मणी वाचणारं निदान एक मशीन सरकारी लॅबमध्ये हवंच. आणि घेतलंच तर फ्रीजला इन्व्हर्टर पण घ्या, त्या अँटीबॉडी २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या असतात आणि आपला उन्हाळा सगळ्यांना माहितीये.

एक वाचक, सोलापूर