दोन चाळीसचा मेसेज

प्रिय मुकुंदा,

परवा तू विचारलंस, "रात्री दोन चाळीसला मेसेज? भुतं हाकलतोस की काय?" मी नुसता एक हसरा चेहरा पाठवून विषय टाळला. खरं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्याशी आणखी एक बोलायचंय. पण आधी माझं रडगाणं ऐकून घे.

गेलं दीड वर्ष माझी झोप उडालीय. गंमत अशी, की झोप येत नाही असं नाही. रात्री सोफ्यावर बातम्या बघताना मान पडते, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर. बायको हलवून म्हणते, "आत जाऊन नीट झोप ना." मग मी सोफ्यापासून पलंगापर्यंतची बारा पावलं चालतो आणि त्या बारा पावलांत झोप कुठेतरी सांडते. पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. कूस बदल, उशी उलटी कर, पांघरूण घे, पांघरूण काढ. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत असतो. तो थांबताना एक आचका देतो आणि मग जी शांतता पसरते ना, ती घरघरीपेक्षा जास्त ऐकू येते.

आणि मग हिशोब सुरू. आत्ता लागली तर पाच तास मिळतील. आत्ता लागली तर साडेचार. तीन वाजता मी व्याजाचा हिशोब करणाऱ्या सावकारासारखा अंधारात पडलेला असतो. असा माणूस झोपेल कसा, तूच सांग. एखाद्या रात्री तर थेट पहाटे पाचच्या सुमाराला डोळा लागतो आणि साखरझोप म्हणजे काय ते आठवेपर्यंत गजर वाजतो.

दिवसा काय होतं ते तुला एका प्रसंगावरून कळेल. मागच्या महिन्यात धाकटीला गोष्ट सांगत होतो. सशाची. डोळे मिटत होते, पण तोंड चालू होतं. मध्येच ती मला ढोसून म्हणाली, "बाबा, सशाचं बीळ पास कसं होणार?" मला काही कळेना. मग तिनेच सांगितलं: ससा धावत धावत घरी आला आणि म्हणाला, अजून बिल पास झालेलं नाही! ऑफिसातलं बिल सशाच्या तोंडी गेलं होतं. आम्ही दोघं खूप हसलो. रात्री मात्र मला ते आठवून घाम फुटला. काही सेकंद मी झोपलेला होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. गोष्ट सांगताना ठीक आहे रे, गाडी चालवताना असं झालं तर?

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं (रात्री वेळच वेळ असतो). १९६४ साली रँडी गार्डनर नावाचा सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागला. ते वाचून आधी वाटलं, त्यापुढे आपलं काय घेऊन बसलोय. पण मला जास्त घाबरवलं ते २००३ सालच्या एका प्रयोगाने. त्यात काही माणसांना दोन आठवडे रोज फक्त सहा तास झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष इतकं ढासळलं, की जणू ती अख्खी रात्र जागलेली असावीत. आणि त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणे, थोडीशी झोप येतेय, बाकी ठीक. "मला सहा तास पुरतात" असं आपण जे छातीठोकपणे सांगतो, ते सांगणारा मेंदू तोच, अर्धवट झोपलेला!

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला वाटलं, गोळी लिहून देतील. त्यांनी वही घालायला सांगितली. दोन आठवडे रोज लिहायचं: पलंगावर कधी गेलो, अंदाजे झोप कधी लागली, उठलो कधी, चहा शेवटचा कधी. चहाची नोंद कशाला, तर जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं एक द्रव्य साठत जातं, तेच आपल्याला पेंग आणतं. चहा-कॉफीतलं कॅफिन ते द्रव्य कमी करत नाही, नुसतं त्याच्या जागेवर जाऊन बसतं. आणि सहजासहजी उठत नाही, पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. माझा शेवटचा कप संध्याकाळी सातला. तो तर लगेच बंद केला.

पण खरा दणका पुढे होता. वहीत दिसलं, की मी पलंगावर नऊ तास असतो आणि झोपतो सरासरी साडेपाच. बाई म्हणाल्या, "मग साडेपाच तासच पलंगावर राहायचं. रात्री साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही, सकाळी सहाला उठायचं. रात्र कशीही जावो, रविवार असो. झोप येत नाहीये असं वाटलं तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, पेंग आली की परत या." अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण जन्मभर ऐकत आलो. इथे पाय पाहून अंथरूणच कापलं! त्यांचं म्हणणं असं, की इतके महिने तळमळत पडल्यामुळे माझ्या मेंदूने पलंग म्हणजे जागायची जागा असं पक्कं धरलंय. ती गाठ सोडवायची.

पहिला आठवडा नुसता छळ होता. फिट येत असेल किंवा मनाचे काही ठरावीक आजार असतील तर हा उपाय करत नाहीत, म्हणून बाईंनी आधी सगळं खोदून विचारलं होतं. तरी गाडीची किल्ली मी आपणहून बायकोच्या हवाली केली. रात्री साडेअकराला मी खुर्चीत ताठ बसून डुलक्या मारतोय आणि घड्याळाला शिव्या देतोय, असं दृश्य. पण दहाव्या-अकराव्या दिवशी साडेबाराला पडलो आणि त्यानंतरचं एकदम गजराचंच आठवतं. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. आता सातातल्या पाच रात्री बऱ्या जातात. तुला मेसेज केला ती उरलेल्या दोनांतली होती. आणि हो, फोन हातात घ्यायचा नसतो, मी चोरून घेतला होता.

आता तुझ्याकडे येतो.

बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "घोरता का? श्वास मध्येच थांबतो असं कुणी सांगितलंय?" मी नाही म्हणालो, आणि तिथे बसल्या बसल्या मला तू आठवलास. तुझ्या झोपेचा मी कॉलेजपासून हेवा करत आलोय. भुकेला कोंडा, निजेला धोंडा ही म्हण तुला बघूनच सुचली असावी. वर्गात बाकावर, बसमध्ये दांड्याला लटकून, कुठेही तू झोपणार. मागच्या सहलीत आपण एका खोलीत होतो. तू पडल्या पडल्या घोरायला लागलास. मी अर्थातच जागा. घोरणं वाढत वाढत गेलं आणि एकदम थांबलं. आमच्या फ्रिजसारखं. मी आपसूक आकडे मोजायला लागलो. सतरा, अठरा, एकोणीस... बावीसला तू हिसका देऊन मोठ्ठा श्वास घेतलास, कुशीवर वळलास आणि पुन्हा घोरणं. असं रात्रभर. सकाळी मी सगळ्यांना तुझी नक्कल करून दाखवली आणि तूही हसलास.

ती नक्कल करायला नको होती. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. दहा सेकंद श्वास थांबला तरी तो मोजतात. सकाळी तुला यातलं काही आठवत नाही. फक्त डोकं जड, आणि दुपारी मीटिंगमध्ये मान पडते. ही तुझीच तक्रार ना? रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू झाल्याचंही तूच सांगितलंस. त्याचाही याच्याशी संबंध असू शकतो. तू कुठेही झोपतोस ते गाढ झोपेचं वरदान नसेल रे, रात्री झोपच होत नसेल तुझी.

एक रात्र तपासणी करतात, अंगाला तारा लावून. निदान झालंच तर मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र आहे, ऑस्ट्रेलियात १९८१ पासून वापरात आलेलं. दिसायला वैमानिकासारखं. वहिनी हसतील, हसू दे.

टाळाटाळ करू नकोस. तारीख घेतलीस की कळव, मी सोबत येतो. गाडी मात्र वहिनींना चालवू दे, आपल्या दोघांच्या हातात नको.

तुझा,
सदा