नदी ३० फूट म्हणजे आमच्या दारात किती?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय आणि मान्सूनच्या तयारीच्या मीटिंगच्या बातम्या सुरू झाल्यात, बोटी किती, पंप किती, स्टँडबाय माणसं किती. ते सगळं हवंच. पण मला एक गोष्ट सांगायचीय जी ह्या बातम्यांत कधीच दिसत नाही. काळाघोड्याच्या ब्रिजजवळ विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे हे आम्हा बडोदेकरांना पूर आला की तासातासाला कळतं, मोबाईलवर येतं, टीव्हीवर येतं, पण त्या फुटांचा आमच्या गल्लीत अर्थ काय ते कोणी सांगत नाही.

मी समामध्ये राहते, भूखी कांसच्या जवळ (कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणारा नाला), ग्राउंड फ्लोअरला. २०२४ ची गोकुळाष्टमी, २६ ऑगस्ट. सुंठवडा करून ठेवलेला, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि सोसायटीच्या ग्रुपवर आकडे यायला लागले. २६ फूट, थोड्या वेळाने २७. धोक्याची पातळी २५ ची हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे भीती तर वाटली पण करायचं काय हे कळेना कारण २५ च्या वर नदी ह्याआधीही गेलीय आणि तेव्हा आमच्याकडे पाणी आलेलं नव्हतं. २८ चा मेसेज आला तेव्हा मी कपाटाखाली विटा लावल्या, दोन दोन विटा, आणि गादी पलंगावर उचलून ठेवली, वाटलं झालं आता. रात्री दोनच्या सुमारास बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज यायला लागला. नदीकडून पाणी आलंच नाही पहिल्यांदा, कांस उलटी फिरली होती, गटारातून पाणी घरात वर येत होतं. तासाभरात गुडघ्याएवढं झालं, पहाटे कमरेच्या वर. फ्रीज आडवा होऊन तरंगायला लागला तो आवाज अजून कानात आहे.

सासूबाई ८३ वर्षांच्या, चालता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या चार मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट वर नेलं, जिना अंधारात, एकाच्या तोंडात मोबाईलचा टॉर्च. त्यांचं इन्सुलिन फ्रीजच्या दारात होतं, ते मी त्या पाण्यात हात घालून काढलं. वर चौथ्या मजल्यावरच्या बेनकडे लाईट नव्हतीच, मग बेननी मडकं काढलं, ओल्या फडक्यात बाटली गुंडाळून एका डब्यात घातली आणि तो डबा मडक्यात ठेवला, लाईट येईपर्यंत ते तसंच सांभाळलं. रोज सकाळी फडकं परत ओलं करायच्या. त्या बाईंचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. खाली उतरायची सोयच नव्हती कारण त्या पाण्यात मगर असू शकते हे इथे लहान पोरालाही माहीत आहे, नदीत शेकडो मगरी आहेत आणि पुरात त्या रस्त्यावर, सोसायटीत येतात. त्या वेळी नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, आर्मी बोलवावी लागली.

आता मुद्द्याची गोष्ट. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता आमच्या वॉचमनकाकांनी एक वही दाखवली. गाड्या आत बाहेर लिहायची वही, त्यात त्यांनी रात्रभर जागून पाणी कुठपर्यंत आलं त्याची वेळ टाकलेली. गटाराचं झाकण उचललं कधी, गेटला लागलं कधी, लिफ्टचा खड्डा भरला कधी. आम्ही दोघी तिघी बायका बसलो, ग्रुपवर त्या त्या वेळी आलेले नदीचे फूट समोर मांडले आणि जुळवलं. आमच्यापुरतं असं निघालं की नदी २७ ला असताना कांस उलटते, २९ ला गेट, ३१ ला लिफ्टचा खड्डा, ३२ ला माझा उंबरठा. एका कागदावर लिहून मीटररूममध्ये चिकटवलं. एवढंच. पण पुढच्या वेळी नदी वाढायला लागली तेव्हा २६ लाच सासूबाई वर, इन्सुलिन वर, कागदपत्रं वर, गाड्या उंचावरच्या रस्त्याला, आणि नंतर पाणी गेटपर्यंतही आलं नाही तरी कोणाला वाटलं नाही की उगाच धावपळ केली. तो कागद मला त्या रात्री हवा होता. मी २८ ला विटा लावत बसले, तेव्हा माझ्या हातात मोजून चार फूट होते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. माझी मावसबहीण सांगलीला असते. तिकडे कोयनेतून पाणी सोडलं की घराघरात एकच प्रश्न, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या पुलाला, किती? ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि त्याच्याही आधी कितीवर सूर्यवंशी प्लॉटात पाणी येतं, कितीवर कुठला रस्ता बंद होतो हे तिथल्या भाजीवाल्यालाही पाठ आहे. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं तसंच, ३९ आणि ४३. म्हणजे त्यांना पूर येत नाही असं नाही, २०१९ ला आयर्विनला ५७ फूट झालं होतं आणि काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. पण फूट म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर आपली गल्ली येते. आपल्याकडे फूट म्हणजे नुसता काळाघोडा. जपानमध्ये तर विजेच्या खांबांवरच पट्ट्या लावतात की इथे पाणी इतके मीटर चढू शकतं, येता जाता माणूस रोज बघतो. आपल्याला खांबावर एक रंगाचा पट्टा मारायला किती खर्च येणार आहे?

मला माहीत आहे की हे सरळ नाहीये. ब्रिजवरचा एक आकडा सगळ्या शहराला लागू होत नाही, अकोट्याला वेगळं, वडसरला वेगळं, आणि कांसच्या काठच्या वस्त्यांना तर आधी मागून पाणी येतं. पण म्हणूनच तर हे वॉर्डावॉर्डात बसून करायला पाहिजे. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचाच्या आसपास पाऊस पडला, मग २०२४. दोन्ही वेळच्या खुणा अजून लोकांच्या भिंतींवर आहेत, लोक रंग द्यायच्या आत त्या मोजून घ्यायला हव्या होत्या. अजूनही उशीर झालेला नाही, वयस्कर माणसांना विचारा, ते बोट ठेवून दाखवतील.

आणि वेळ मिळतो हो आपल्याला. विश्वामित्री पावागढकडून येते, तिकडे पाऊस झाला की आजवा सरोवर भरतं, पाणी सुटतं आणि शहरात पोचायला काही तास लागतात. भूकंपात एक मिनिट मिळत नाही, इथे तास मिळतात. सगळं मॅनेजमेंट त्या काही तासांत काय करायचं ह्याचंच आहे. सुरतने २००६ ला उकाई धरणाच्या पाण्याने मार खाल्ला आणि नंतर वरून धरणात किती पाणी येणार ह्याचा अंदाज आधी बांधायची, शहराला आधी सांगायची व्यवस्था बसवली. ते आपल्याच राज्यात आहे, चार जिल्हे पलीकडे पण नाही.

आपल्या गुजरातचा तर ह्या बाबतीत अभिमान वाटावा असा इतिहास आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर लगेच राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण झालं, २००३ ला कायदा आला आणि देशाचा कायदा त्यानंतर, २००५ ला. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, ६ वी बटालियन आपल्या जरोदला बसलेली आहे, म्हणजे देशभर लोकांना वाचवायला जाणारी माणसं आपल्या घरापासून तासाभरावर. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदी खोल रुंद करायचं मोठं काम झालं तेही चांगलंच झालं. पण कायदा, जवान, जेसीबी हे सगळं एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला मी विटा लावत बसलेली, ह्या दोघांच्या मधलं कोणी नाही. ओडिशाने नेमकं ते मधलं भरलं. १९९९ च्या चक्रीवादळात १० हजारच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा वादळ पोचायच्या आत १० लाखाच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आतच राहिला. तिथे गावागावात शेल्टर आहे, कोणी कोणाच्या घरी जाऊन सांगायचं, म्हाताऱ्यांना कोण उचलणार हे ठरलेलं असतं आणि त्याची मॉक ड्रिल होते.

मॉक ड्रिल आपल्याकडे पण होते पण ती शाळेत नाहीतर मॉलमध्ये, फोटो येतात. सोसायटीत, चाळीत, कांसच्या काठच्या झोपड्यांमध्ये मे महिन्यात एक रविवार का नाही होत? आधी तपासून बघायची सवय नसली की काय होतं ते हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला आपण भोगलंय, सहलीच्या मुलांची बोट उलटली, १४ जीव गेले, त्यात १२ शाळेची मुलं, लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हती. आदल्या दिवशी कोणी नुसती जॅकेट आणि मुलं मोजली असती तर.

माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक वॉर्डात लोकांना बरोबर घेऊन असा तक्ता बनवा, नदी इतके फूट तर ह्या गल्लीत इथे, आणि तो गुजराती, मराठी, हिंदीत खांबावर लावा. २०२३ मध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर जोरात वाजणारा टेस्ट मेसेज आला होता आठवत असेल, तो ठरावीक भागातल्या टॉवरपुरता पाठवता येतो. मग त्यात नुसतं "विश्वामित्री ३० फूट" न लिहिता "समा, कांसलगत, तळमजला रिकामा करा" असं लिहा, म्हणजे रात्री दोनला उठलेल्या माणसाला विचार करायला लागणार नाही. आणि एकटे राहणारे, अंथरुणावर असलेले, ऑक्सिजन मशीनवर, डायलिसिसवर असलेले कोण कुठे आहेत ती यादी प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जूनच्या आधी असू द्या. आमच्याकडे ती आहे, पाच नावं आहेत, प्रत्येकासमोर उचलणाऱ्या दोघांची नावं आणि खुर्ची कोणाच्या घरात ठेवलीय ते लिहिलंय.

मीटररूममधल्या कागदाची कॉपी आणि वॉचमनकाकांच्या वहीची पानं मी जपून ठेवलीत. कॉर्पोरेशनमधून कोणी आलं तर त्याच दिवशी देईन, आणि कुठल्या सोसायटीला आपला तक्ता बनवायचा असेल तर मी आणि बेन दोघी येऊन बसू, एक दुपार लागते.

आपली वाचक,
समा, बडोदा